चार स्क्रूंची गिटार आणि ‘ओरिजिनल’चा हट्ट

माझ्याकडे एक गिटार आहे. तिची बॉडी एका गिटारची, नेक दुसऱ्या गिटारचा. पुण्यात शिकत असताना एका दुकानातून मी ती सेकंडहँड घेतली. दोन पावसाळ्यांत तिचा नेक वाकला आणि तारा इतक्या वर उचलल्या गेल्या, की पडद्यांवर बोट दाबताना कातडी सोलून निघायची. मग मी नेक बदलला. आजही ती चांगली वाजते. पण घरी येणाऱ्या जाणकार पाहुण्याला हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “म्हणजे ही ओरिजिनल नाही?”

हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. गिटार हातात येण्याच्या कितीतरी आधीपासून तो मला विचारला जातोय, फक्त शब्द वेगळे असतात. “तुम्ही मूळचे कुठले?” मिरजेचा, असं सांगितलं की, “ते झालं, पण मूळचे?” आणि त्यानंतरचं ते कौतुक, “मराठी फार छान बोलता हो तुम्ही!” आपल्यापैकी बहुतेकांनी हे ऐकलेलं आहे. घरात दखनी बोलणारा, शाळेत मराठीतून शिकलेला, नमाज अरबीतून पढणारा माणूस समोर आला की लोकांना जोड दिसतो आणि जोड दिसला की अस्सलपणाबद्दल शंका येते.

म्हणून आज या जोडाचा इतिहास सांगावासा वाटतो. इतिहास इलेक्ट्रिक गिटारचा आहे, तिच्या नेक आणि बॉडीच्या अदलाबदलीचा.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

लिओ फेंडरचा जन्म १९०९ मधला, कॅलिफोर्नियातला. शिक्षण हिशेबनिसाचं, धंदा रेडिओ दुरुस्तीचा. १९३८ च्या सुमारास त्याने फुलर्टन या गावात रेडिओचं दुकान टाकलं. या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, आयुष्यभर आली नाही. तरीही विसाव्या शतकातल्या सगळ्यात प्रसिद्ध गिटारी त्याच्या कारखान्यातून निघाल्या.

तोपर्यंत चांगली गिटार म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं काम. नेक आणि बॉडीचा सांधा कोरून, सरस लावून, आवळून बसवायचा. एकदा बसला की तो कायमचा. गिब्सन कंपनी असंच काम करत होती आणि १९५२ मध्ये तिने बाजारात आणलेल्या लेस पॉल या भरीव इलेक्ट्रिक गिटारमध्येही नेक चिकटवलेलाच होता. अशा गिटारचा नेक खराब झाला तर वाफेने सरस सैल करून सांधा सोडवावा लागतो. ते कसबी कारागिराचं काम.

फेंडरचा विचार रेडिओवाल्याचा होता. रेडिओतला व्हॉल्व्ह गेला तर रेडिओ कुणी फेकत नाही, व्हॉल्व्ह बदलतो. गिटारमध्ये सगळ्यात आधी काय झिजतं? नेक. पडदे झिजतात, लाकूड वाकतं. मग नेकच बदलता आला तर? १९५० मध्ये त्याने एस्क्वायर आणि ब्रॉडकास्टर या नावांनी गिटारी आणल्या. लाकडाची एक सपाट फळी, तिच्यात नेकपुरता एक चौकोनी खळगा, त्यात नेक ठेवायचा आणि मागून पोलादी पट्टी लावून चार स्क्रू आवळायचे. झालं. याला जगभर ‘बोल्ट-ऑन’ म्हणतात, पण फेंडरच्या या गिटारीत बोल्ट नाहीतच, साधे लाकडाचे स्क्रू आहेत. ग्रेट्श कंपनी जवळजवळ त्याच नावाचे ड्रम विकत होती, तिने हरकत घेतल्यामुळे ब्रॉडकास्टर हे नाव मागे घ्यावं लागलं आणि १९५१ मध्ये तीच गिटार टेलिकास्टर झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली.

सोडता येणारा नेक फेंडरच्या आधीही होता. रिकनबॅकरने १९३५ च्या सुमारास बेकेलाइटची इलेक्ट्रिक गिटार काढली, तिचाही नेक स्क्रूचाच होता. पण फेंडरने ती कल्पना कारखान्याच्या पद्धतीत बसवली. एका बाजूला नेक तयार होत, दुसरीकडे बॉडी. रंग वेगळा सुकायचा, लाकूड वेगळं तासलं जायचं. अमुक नेक अमुक बॉडीसाठीच, असं जन्मापासून काही ठरलेलं नव्हतं. रॅकवर जो हाताला येईल तो नेक आणि समोर जी असेल ती बॉडी, अशी ती जोडी जुळायची. आज ज्या गिटारींना लोक ‘अस्सल’ म्हणून लाखो रुपये मोजतात, त्यांचा जन्म असा झालेला आहे.

सांध्यात लिहिलेली नावं

या गिटारींवर ओळख तीन ठिकाणी असते. कंपनीचं नाव नेकच्या टोकाला, म्हणजे डोक्यावर. अनुक्रमांक १९५४ नंतर बरीच वर्षं मागच्या पोलादी पट्टीवर, म्हणजे जोडावर. १९७६ पासून तो डोक्यावर गेला. बॉडीवर बाहेरून काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे नेक बदलला की नाव बदलतं आणि पट्टी बदलली की नंबर बदलतो. मग गिटार कुठली?

तिसरी ओळख आत असते. स्क्रू काढून नेक उचलला की त्याच्या टाचेवर, म्हणजे खळग्यात बसणाऱ्या भागावर, पन्नाशीच्या दशकातल्या कितीतरी गिटारींत पेन्सिलीने लिहिलेली तारीख सापडते आणि काहींवर दोन इंग्रजी आद्याक्षरं, टी आणि जी. टी.जी. म्हणजे टेडिओ गोमेझ, नेक तासून आकार देणारा फेंडरचा कामगार. बॉडीच्या आतल्या खाचांमध्ये कागदी चिकटपट्टीवर वायरिंग करणाऱ्या बायकांची नावंही सापडतात. कुठे मेरी, कुठे ग्लोरिया. फेंडरच्या कारखान्यात मेक्सिकन वंशाचे कामगार मोठ्या संख्येने होते. तारेची वेटोळी गुंडाळून पिकअप बनवणारी ॲबिगेल इबारा १९५६ मध्ये तिथे लागली आणि पुढे तिच्या हातच्या पिकअपसाठी वादक वाट पाहू लागले.

डोक्यावर मालकाचं नाव, सांध्यात कामगाराचं. गिटार अखंड असेपर्यंत ते कामगाराचं नाव कुणालाच दिसत नाही. जोड उघडला तरच दिसतं. मला हे वाचलं तेव्हा मिरज आठवली. त्याविषयी पुढे सांगतो.

कुठलाही नेक कुठेही बसत नाही

अदलाबदल सोपी आहे असं ऐकून मीही एकदा फसलो. वाकलेला नेक काढला, दुसऱ्या कुठल्यातरी गिटारचा नेक मिळाला तो ठोकून बसवला. बसलाही. तार सुरात लावली, सुटी तार बरोबर. पण बाराव्या पडद्यावर बोट ठेवलं की स्वर उतरलेला. वर जावं तसा आणखी उतरलेला. आठवडाभर मी घोडीशी झटत होतो.

कारण सोपं होतं, पण मला माहीत नव्हतं. नटपासून घोडीपर्यंतच्या तारेच्या लांबीला स्केल म्हणतात. टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टरची स्केल साडेपंचवीस इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सनच्या बहुतेक गिटारींची पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर. पडदे या लांबीच्या हिशेबानेच बसवलेले असतात. बारावा पडदा बरोबर निम्म्यावर यावा लागतो, कारण तार निम्मी झाली की वरचा षड्ज मिळतो. मी बसवलेल्या नेकवरचे पडदे आखूड स्केलचे होते आणि घोडी लांब स्केलच्या जागी. तार होती त्यापेक्षा लांब पडली, बारावा पडदा निम्म्याच्या अलीकडे आला, स्वर उतरला. घोडीवरचे छोटे स्क्रू फिरवून थोडा फरक काढता येतो, पण तो काही मिलिमीटरचा. बारा-पंधरा मिलिमीटरची चूक त्याने झाकत नाही.

फेंडरच्या स्वतःच्या गिटारींतही एक गंमत आहे. टेलिकास्टरच्या नेकची टाच सरळ कापलेली आणि स्ट्रॅटोकास्टरची गोलसर. रुंदी सारखी, साधारण ५६ मिलिमीटर, स्केलही सारखी. त्यामुळे स्ट्रॅटचा नेक टेलीच्या खळग्यात बसतो, फक्त कोपऱ्यांत फट राहते. उलट करायचं तर टेलीच्या नेकचे कोपरे तासावे लागतात. नेकचा कोन थोडा चुकला तर खळग्यात पातळ चकती सरकवायची. अनेक जुन्या गिटारींत त्या जागी व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा निघतो.

म्हणजे जोड जमायला दोन्हीकडची मापं माहीत असावी लागतात. कुणाचं काय आखूड, काय लांब, कुठे किती तासायचं, कुठे फट तशीच सोडायची. हे ज्याला कळतं त्याची गिटार सुरात येते. तुकडे एकाच कारखान्यातले आहेत की नाहीत, याचा सुराशी संबंध नाही.

क्लॅप्टन, लैला आणि एक रात्र

७ जून १९६९ ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘ब्लाइंड फेथ’ या बँडचा मोफत कार्यक्रम झाला. एरिक क्लॅप्टनच्या हातात त्या दिवशी टेलिकास्टरची बॉडी होती आणि तिला स्ट्रॅटोकास्टरचा नेक. हा नेक ‘ब्राउनी’ नावाच्या त्याच्या स्ट्रॅटचा, असं सांगतात. पुढे १९७० मध्ये ‘लैला’ हे गाणं त्याने ब्राउनीवरच रेकॉर्ड केलं.

ही लैला आपली ओळखीचीच. अरबस्तानातल्या कैस आणि लैलाची कथा निझामी गंजवीने बाराव्या शतकात फारसीत रचली. इयान डॅलस नावाच्या मित्राने ती क्लॅप्टनला दिली. हाच डॅलस मुसलमान झाला आणि अब्दुलकादिर या नावाने ओळखला गेला. क्लॅप्टन तेव्हा मित्राच्या, जॉर्ज हॅरिसनच्या बायकोच्या प्रेमात होता. त्याला मजनू जवळचा वाटला. त्याच अल्बममधल्या दुसऱ्या एका गाण्याच्या श्रेयनामावलीत चक्क निझामीचं नाव आहे. अरबी कथा, फारसी कवी, अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा ब्लूज, कॅलिफोर्नियातली गिटार आणि वाजवणारा इंग्रज. यात ‘मूळचं’ काय?

त्याच वर्षी क्लॅप्टनने नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅट विकत घेतल्या. तीन मित्रांना दिल्या: जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड. उरलेल्या तिघींचे चांगले चांगले भाग काढून एक गिटार जुळवली. बॉडी १९५६ ची, नेक १९५७ चा. तिचं नाव ‘ब्लॅकी’. सत्तरचं जवळजवळ सगळं दशक आणि पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती त्याची मुख्य गिटार होती.

आता ती रात्र. ऑगस्ट १९७६, बर्मिंगहॅम. दारू प्यायलेल्या क्लॅप्टनने स्टेजवरून इनॉक पॉवेल या स्थलांतरितविरोधी राजकारण्याची बाजू घेतली. परदेशी लोकांनी इंग्लंडमधून निघून जावं, इंग्लंड गोरं राहावं, अशा आशयाचं गलिच्छ भाषण त्याने केलं. ज्याचं सगळं संगीत काळ्या माणसांकडून आलेलं, ज्याने दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लीचं गाणं गाऊन अमेरिकेत पहिला नंबर मिळवला होता, निझामीच्या लैलाने ज्याला अजरामर केलं, त्याला शुद्ध देश हवा होता. या भाषणाच्या संतापातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही चळवळ उभी राहिली. चार दशकांनी क्लॅप्टनने जाहीरपणे सांगितलं की त्याला या प्रकाराची लाज वाटते.

हे मी क्लॅप्टनला बदनाम करण्यासाठी सांगत नाही. माणूस स्वतःच्या हातातल्या वस्तूकडे किती कमी बघतो, याचं हे उदाहरण आहे. आपल्याकडेही जिलेबी खात, कुर्ता-पायजमा घालून, ‘जमीन’, ‘कागद’, ‘वकील’, ‘दरवाजा’ हे शब्द वापरत शुद्धीकरणाची भाषणं होतातच.

जोडलेली माणसं, जोडलेली वाद्यं

सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ही अदलाबदल व्यवसाय झाली होती. कॅलिफोर्नियात सुटे नेक, सुट्या बॉडी विकणारी दुकानं निघाली. १९७६ मध्ये सुरू झालेली शेक्टर ही आजची मोठी कंपनी तेव्हा दुरुस्तीचं आणि सुट्या भागांचंच दुकान होती. याच काळात एडी व्हॅन हेलनने पन्नास डॉलरला एक डागी बॉडी घेतली, ऐंशी डॉलरला नेक आणि दोन्ही जोडले. स्ट्रॅटच्या आकाराच्या त्या बॉडीत गिब्सनचा पिकअप बसवला. लोकांनी तिला ‘फ्रँकेनस्ट्रॅट’ म्हटलं, तुकडे जोडून बनवलेल्या राक्षसाच्या कथेवरून. १९७८ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला आणि इलेक्ट्रिक गिटार वाजवण्याची रीतच बदलली. एडीचे वडील डच, आई जावा बेटावर जन्मलेली, डच-इंडोनेशियन मिश्र कुळातली. १९६२ मध्ये हे कुटुंब अमेरिकेत आलं, तेव्हा एडीला इंग्रजी येत नव्हतं.

पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅट १९७० मध्ये न्यूयॉर्कला विकत घेतलेली. ‘डार्क साइड ऑफ द मून’ तिच्यावर वाजला. तिचे नेक त्याने अनेकदा बदलले. जून २०१९ मध्ये तिचा लिलाव झाला तेव्हा बॉडी १९६९ ची होती आणि नेक ऐंशीच्या दशकातला. किंमत आली ३९ लाख ७५ हजार डॉलर, तोपर्यंतच्या कुठल्याही गिटारपेक्षा जास्त. ती सगळी रक्कम गिलमोरने पर्यावरणाच्या कायदेशीर लढाईसाठी दिली. ब्लॅकीलाही २००४ मध्ये साडेनऊ लाखांहून जास्त डॉलर मिळाले होते. ‘ओरिजिनल’चा बाजार भरवणाऱ्यांनीच या दोन जोडलेल्या गिटारींना हे भाव दिले. का? कारण त्या गिटारी कशा वाजल्या, हे जगाने ऐकलेलं होतं.

मिरजेचा सांधा

आता मिरज. आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा आणि सतार बनवणारी बहुतेक घरं शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार आणि पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर राजांच्या लढाया संपल्या, तलवारी म्यानात गेल्या. मिरजेच्या फरीदसाहेब शिकलगारांनी तंतुवाद्यं हातात घेतली. पटवर्धन संस्थानाचा आश्रय मिळाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातला. दांडी तुणाच्या लाकडाची. भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये गळा. हा सांधा सरसाचा असतो, फेंडरसारखा स्क्रूचा नव्हे. पण भोपळा फुटला तर जुन्या दांडीला नवा भोपळा बसवून देतात. त्या तंबोऱ्यावर गाणारा “हा ओरिजिनल नाही” म्हणून रडत बसत नाही. जवारी नीट लागली का, एवढंच ऐकतो. शेतकऱ्याचा भोपळा, शिकलगाराची कानस, ब्राह्मण संस्थानिकाचा आश्रय आणि त्यावर गाणारे किराना घराण्याचे अब्दुल करीम खाँ, ज्यांची कबर मिरजेच्या दर्ग्यात आहे. मैफलीत नाव गायकाचं होतं. कारागिराचं नाव मात्र सांध्यातच राहतं, टेडिओ गोमेझसारखं.

इथे आपल्या लोकांशीही थोडं भांडायचं आहे. व्हॉट्सॲपवर फिरतं की गिटार मुसलमानांनी शोधली, सतार अमीर खुस्रोने बनवली. झिरयाब ८२२ मध्ये कॉर्डोबाला आला, त्याने ऊदला पाचवी तार जोडल्याचं सांगतात, ‘ल्यूट’ हा शब्द ‘अल्-ऊद’वरून आला, हे सगळं ठीक. पण चौदाव्या शतकातल्या स्पॅनिश काव्यात मूरिश गिटार आणि लॅटिन गिटार या दोन्हींचा शेजारी-शेजारी उल्लेख आहे. दोघी एकमेकींकडून शिकल्या. आणि सतार खुस्रोनंतर चारेकशे वर्षांनी, अठराव्या शतकातल्या दिल्लीत आकाराला आली, असं अभ्यासक सांगतात. “मूळ आमचंच” हा दावा समोरच्याच्या “मूळचे कुठले?” या प्रश्नाचाच भाऊ आहे. तो प्रश्न आपल्याला टोचतो, तर तोच प्रश्न आपणही दुसऱ्याला विचारू नये.

जोड असणं हा दोष नाही. मापं न बघता ठोकून बसवणं हा दोष आहे. ते मी केलं होतं आणि महिनाभर बेसूर वाजवत बसलो होतो. शेवटी योग्य स्केलचा नेक शोधला, टाच थोडी तासली, खळग्यात कार्डाचा तुकडा सरकवला. बारावा पडदा सुरात आला.

तेव्हा एक गोष्ट केली. नेक बसवण्याआधी खळग्यात पेन्सिलीने तारीख, माझं नाव आणि ‘मिरज’ असं लिहिलं. आता “ओरिजिनल नाही का?” असं कुणी विचारलं, तर मी गिटार त्याच्या हातात देतो आणि वाजवून बघायला सांगतो.